न विरघळणारी गोळी

प्रिय भिंगरी,

हे मी वाचनालयात बसून लिहिते आहे. कागद कोपऱ्यावरच्या दुकानातून आताच घेतला, पेनही तिथलंच, आणि पाकिटाला गोंद लावेन तो इथल्या टेबलावरचा. घरातली कुठलीच वस्तू या कागदाला लागू दिलेली नाही. आता त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं, पण नऊ वर्षांची सवय एका आठवड्यात सुटत नाही. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तुझ्या जुळ्यांना एक झबलं शिवून पाठवलं नाही, आणि तू समजत राहिलीस की आईला कंटाळा आहे. कंटाळा नव्हता गं. का पाठवलं नाही ते आज सांगते. सगळं वाच, मधे थांबून फोन करू नकोस. वाचून झालं की हवं तितकं रागाव.

इथे माझी जागा ठरलेली आहे, खिडकीजवळची, वरचा पंखा कटकट करतो तिथली. कुणाला ती नको असते म्हणून मला नेहमी मिळते. सातवीत शाळा सुटलेली बाई रसायनाच्या कपाटासमोर रोज उभी दिसते म्हणून ग्रंथपालबाई पहिल्या वर्षी विचारायच्या, आजी, यंदा परीक्षेला बसताय का? मी म्हणायचे, बसले आहे, निकाल लागत नाही. मी काही विद्वान व्हायला वाचत नव्हते. घरात माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस कशाला एवढा भितो, ते मला समजून घ्यायचं होतं.

बाबांनी आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी ते औषध शोधलं तेव्हा तू चौथीत होतीस. एकशे त्रेचाळीस संयुगं वाया गेली होती. एकशे चव्वेचाळिसावं लागू पडलं त्या दिवशी ते बूट न काढताच स्वयंपाकघरात आले. मी नुकतीच फरशी पुसली होती, मी ओरडले. ते तिथेच चिखलाच्या बुटांनी उभे राहून हसत होते. म्हणाले, उंदरांच्या फिट्स थांबल्या, आता मुलांच्याही थांबतील. मला तेव्हा एवढंच कळलं की आज या माणसाला रागावण्यात अर्थ नाही. पुढे खरंच थांबल्या. अनोळखी लोक रस्त्यात थांबवून हात धरायचे. बाबा अवघडून जायचे, म्हणायचे, मी एकटा नव्हतो हो, चौघे होतो.

मग गोळ्या विरघळेनाशा झाल्या. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी माझ्या शब्दांत लिहिते, कारण हे पत्र तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी वाचणार आहे. मधाची बरणी वर्षभर पातळ राहते. एक दिवस तळाशी एक कण बसतो आणि बघता बघता सगळा मध रवाळ होतो. त्यातला चमचा दुसऱ्या बरणीत घातला की तीही गेली. औषधाचं तसंच झालं. पदार्थ तोच, पण त्याचे स्फटिक नव्या तऱ्हेने रचले गेले, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि ते पोटात विरघळेनात. गोळीचं वजन तेच, रंग तोच. गिळली की खड्यासारखी पडून राहायची. आणि ही नवी तऱ्हा एकदा एखाद्या जागी आली की जुनी तिथे पुन्हा होत नाही. डोळ्याला न दिसणारा एक कण पुरतो, पुढचं सगळं औषध त्याच्यासारखं होऊन बसतं.

कारखान्याच्या ध्यानात यायला चार आठवडे गेले. तोवर गोळ्या घराघरांत पोचल्या होत्या. एक बाई फाटकाशी आली. ओरडली नाही की रडली नाही. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट तिने बाबांच्या हातात दिलं आणि विचारलं, मी एकही वेळ चुकवली नव्हती, मग असं का झालं? तिची मुलगी सहा वर्षांची होती. त्यापुढे ती मोठी झाली नाही.

नवे स्फटिक पहिल्या इमारतीत सापडले होते. भांड्याच्या कडेवरून ते खरवडून बाबांनीच तपासायला घेतले, आणि तशाच कपड्यांनी दुसऱ्या इमारतीत गेले, तिथे सगळं ठीक आहे ना हे बघायला. आठ दिवसांनी दुसऱ्या इमारतीतही तेच. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. उलट त्यांनी स्वतःहून सांगितलं तेव्हा साहेब हसले, म्हणाले, तुमच्या अंगावरच्या धुळीने कारखाना बंद पडतो होय? पण बाबांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. कारखाना बंद झाला, औषध करणारा दुसऱ्या गावचा तुमचा कारखाना तेवढा उरला, आणि तू तिथे कामाला होतीस. तुमच्याकडे नियम झाला की जुन्या कारखान्याच्या माणसाने फाटकातून आत यायचं नाही, तिथे वापरलेला कपडा, कागद, वस्तू जवळ नाही असं दर महिन्याला सही करून द्यायचं. बाबा म्हणाले, नियम लिहिणारे फाटकापर्यंतच विचार करतात. मी तिच्या घरी सोफ्यावर बसेन, त्याच सोफ्यावर ती बसेल आणि सकाळी कामावर जाईल.

म्हणून ते आले नाहीत. तुला दर वेळी वेगळं कारण सांगितलं. गुडघा दुखतो, नळाचं काम काढलंय, मांजरीला कुणाकडे सोडायचं. मांजर मेली तरी दोन वर्षं आम्ही तिच्या नावावर कारणं खपवली. जुळी झाली तेव्हा मी बॅग भरली होती. भरलेली बॅग बघत बाबा पलंगावर बसले. त्यांचे कपडे मीच धुवायचे, त्यांच्या उशीशेजारी माझी उशी. मी काय वेगळी होते? मी बॅग रिकामी केली आणि तुला फोन करून सांगितलं की मला ताप आहे. तू एवढंच म्हणालीस, बरं. त्या एका बरं नंतर तू मला कधी ये म्हणाली नाहीस.

तुला खरं का सांगितलं नाही, हे मीही त्यांना विचारलं, एकदा नाही, दहादा. मला वाटायचं, लोक हसले तशी लेकही हसेल म्हणून भितात. तसं नव्हतं. ते म्हणाले, तिला सांगितलं तर ती म्हणेल, काही होत नाही बाबा, या. आणि ती या म्हणाली तर मला नाही म्हणता येणार नाही. त्यापेक्षा रागावलेली बरी. तू त्यांना नऊ वर्षं तुसडा समजलीस. त्यांनी ते चालवून घेतलं, पण त्यांना ते सोपं गेलं असं समजू नकोस. मुलांचे फोटो ते फोनवर मोठे करून बघायचे, कान, नखं, बुटांचे बंद, सगळं. तुझी मुलं मला फोनमधली आजी म्हणतात. बाबांना ती काहीच म्हणत नव्हती. तेवढं त्यांना लागायचं.

ते गेले तेव्हा तू आलीस, एकटीच. सामान मोजकं आणलंस, त्यांच्या टेबलाला हात लावला नाहीस, कारखान्यातल्या कागदांच्या पेट्यांकडे फिरकली नाहीस. नियम पाळत होतीस, मी बघत होते. निघायच्या सकाळी कपाट उघडून उभी राहिलीस आणि त्यांचा बाटलीहिरवा स्वेटर खाली घेतलास, उजव्या कोपराला तपकिरी लोकरीचं ठिगळ असलेला. तोंडाला लावलास. मग मला विचारलंस, आई, हा घरातलाच ना? कारखान्यात कधी घातला नव्हता ना?

मी हो म्हटलं. म्हटलं, हा घरातलाच.

खोटं बोलले, भिंगरी. तो स्वेटर मी विणला तोच कारखान्यातल्या वजनखोलीसाठी, जिथे ते औषध तोलायचे. त्या खोलीत बारा महिने गारठा असायचा. आतून मी त्याला खिसा केला होता, चष्म्यासाठी म्हणून, पण ते त्यात काय वाटेल ते कोंबायचे. ज्या दिवशी त्यांनी भांड्याची कड खरवडली त्या दिवशी त्यांच्या अंगात तोच होता. घरी मात्र मी त्यांना तो पुन्हा घालू दिला नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर गुंडाळून ठेवला. टाकून द्यायला हवा होता, पण तीन महिने खपून विणलेला, हात झाला नाही. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी खिसा उलटा केला. पेनाचं टोपण निघालं, आणि वजन करताना औषधाखाली घालतात तो गुळगुळीत कागद, चार घड्या घातलेला. मी तो चुलीत टाकला, खिडकीशी उभी राहून स्वेटर चार वेळा झटकला, आणि घडी घालून तुझ्या हातात दिला. मला कळत होतं. नऊ वर्षं वाचनालयात बसून एवढं तर कळलंच होतं. पण तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. नऊ वर्षं आम्ही तुला फक्त कारणं दिली होती. त्या सकाळी माझ्याच्याने आणखी एक कारण देववेना.

दोन महिन्यांनी तू फोनवर हसत सांगितलंस, आज थंडी होती, बाबांना घालून कामावर गेले, आता लॉकरमध्येच ठेवते. तेव्हाही मी गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर कदाचित वेळ होती. पहिल्या खोटेपणाला मी दुःखाचं नाव देऊ शकते, या गप्प बसण्याला देता येत नाही. ती निव्वळ भीती होती, तू पुन्हा बरं म्हणशील याची.

गेल्या आठवड्यात तू सांगितलंस की तुमच्याकडच्याही गोळ्या विरघळेनात. या खेपेस बाजारात जायच्या आधी सापडल्या, एवढं एक बरं झालं. आणि तू सांगितलंस की वजनकाट्यावरच्या मावशींना घरी बसवलं आहे, कारण त्यांचा भाऊ जुन्या कारखान्यात होता आणि आता त्यांच्याकडे राहतो. तू म्हणालीस, आई, त्यांनी असं कसं केलं, सही करून खोटं बोलल्या. मी फोन ठेवला. त्या मावशी कोण हे मला ठाऊक आहे. माझ्या त्या खोट्या तापाच्या वेळी तुझ्या उशाशी अकरा दिवस बसल्या त्या. तुझ्या पोरांना पहिली आंघोळ त्यांनी घातली. माझं काम त्यांनी केलं, आणि आता माझा दोषही त्यांच्याच माथी जातो आहे.

कदाचित भावामुळेच झालं असेल. कदाचित स्वेटरचा काही संबंध नसेल. एवढ्याशा कणाचा रस्ता कोण सांगणार? पण माझं खोटं मला माहीत आहे, त्यांचं मला माहीत नाही.

सोबत बाबांची वही वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. ती घरातली आहे, पण आता काय बिघडणार? शेवटच्या चार वर्षांत ते एका पॉलिमरवर विचार करत होते. लांबच लांब साखळ्यांचा गुंता, त्यात औषधाचे रेणू सुटे सुटे अडकवून ठेवायचे, म्हणजे त्यांना एकमेकांना धरून घट्ट स्फटिक करताच येणार नाही. करून बघायला त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, सगळं कागदावरच. जुन्या साहेबांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. हे कामाचं आहे की म्हाताऱ्या माणसाचा चाळा, ते मला ठरवता येत नाही. तू ठरव. औषधाविना राहिलेली मुलं आहेत, म्हणून लवकर ठरव. सत्तेचाळिसाव्या पानावर चहाचा डाग आहे, त्याखालचा आकडा सहा आहे, आठ नाही. मी समोर होते.

आता हे लिहिलं कशासाठी ते सांगते. फोनवर बोललेलं कुणाला दाखवता येत नाही, लिहिलेलं दाखवता येतं. हे पत्र उद्याच्या उद्या तुझ्या साहेबांपुढे ठेव. तू मला विचारलंस आणि मी तुला फसवलं, हे माझ्या अक्षरात आहे. प्रत्येक पानामागे सही करते आहे, पुरी, बँकेत करते तशी. तुझ्यावर थोडं तरी येईल, नोकरीवरही येईल, हे जाणून सांगते आहे. पण मावशींना परत घेतल्याशिवाय तू त्या वजनखोलीत पाय ठेवू नकोस. आणि एक मागायचं आहे, मागायला तोंड नाही तरी मागते. औषध गेलं, म्हणजे सांभाळायचं काही उरलं नाही. आता माझ्या अंगावर काय आहे नि काय नाही, याला कुणी भ्यायला नको. हे मनात आल्यावर मला क्षणभर आनंद झाला, भिंगरी, आणि त्या आनंदाची मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. तरीही विचारते. बॅग मी काल कपाटावरून खाली काढली आहे. अजून भरलेली नाही. तू ये म्हणालीस तरच भरीन.

तुझीच,
आई