खालची ऊब

१० डिसेंबर १९४६
कोतूळच्या वर, पाटाच्या चारीच्या कामावर ओव्हरसियर म्हणून आज रुजू झालो. हवा उत्तम. जमिनीवर विंचू फार, पण नगरला लष्करी लिलावात घेतलेली निजायची कॅनव्हासची झोळी बरोबर होती. दोन कडुलिंबांना ती बांधताना मजूर जमले. स्वयंपाकीण लंकाबाईने विचारले, सायेब, पाळन्याची दोरी कुनी वडायची? मीही हसलो.

११ डिसेंबर
झोळीत थंडी खालून लागते. अंगाखालचे पांघरूण दबते आणि वारा थेट पाठीला भिडतो. बाहेरून, झोळीच्या खाली एखादी घोंगडी सैल टांगली तर भागेल. मजुरांसाठी आलेल्या घोंगड्यांचे गठ्ठे ठेकेदाराच्या कोठीत आहेत, शिवलेलेच. मोठे साहेब तपासणीला आल्याखेरीज टाके उसवायचे नाहीत, म्हणतो. माणसे गोणपाटात निजतात. संतापून कचेरीला लिहिले. पण हा संताप त्यांच्यासाठी, की माझ्या पाठीसाठी?

१४ डिसेंबर
म्हातारा राखणदार कानिफनाथ दव चुकवायला माझ्या झोळीखाली निजू लागला आहे. कॅनव्हास जवळजवळ त्याच्या अंगाला टेकते. त्याची ऊब वर येते. झोप छान लागली. तुमी माजं छप्पर, मी तुमची शेगडी, म्हणाला.

१७ डिसेंबर
सकाळी कानिफनाथ झोळीखाली ताठलेला सापडला. ठेकेदार म्हणे, वय झाले होते. गठ्ठे अजून शिवलेलेच. माझ्या खिशात चाकू आहे, आणि मी कचेरीच्या उत्तराची वाट पाहतो आहे. थू.

१९ डिसेंबर
इकडच्या रीतीप्रमाणे लंकाबाईने तो गेला त्या जागी काल संध्याकाळी पीठ चाळून पसरले. ज्याचे पाऊल उमटेल त्या जन्माला माणूस गेला, असे समजतात. असल्या समजुतीसाठी झोळी का हलवावी? हट्टाने तिथेच निजलो. सकाळी पाऊल नव्हते. गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या माणसाचा ठसा होता. गेलाच न्हाई त्यो, लंकाबाई म्हणाली. रात्रभर माझी पाठ उबदार होती.

२० डिसेंबर
झोळी दुसऱ्या झाडांना बांधली. ऊब तिथेही. नको म्हणून पालथा झालो — पोटाला लागली.

२१ डिसेंबर
उत्तर आले. तपासणीपर्यंत थांबावे. ठेकेदार हसला. त्याचा गळा — नाही. चाकू उघडला, पुन्हा मिटला. उद्या टाके उसवतो. नक्की उद्या.

२२ डिसेंबर
ऊब नाही. खालून कोणी माझीच ओढून घेतो आहे — बोटे निळी —

उजाडते आहे. जाग आली ती जमिनीवर. गुडघे पोटाशी. वर झोळी भरलेली, माझ्या नाकापर्यंत लोंबते आहे — चाकू धरवत नाही, गठ्ठे तिकडे कोठीत — वरून विचारतो आहे, सायेब, शेगडी इझली का —