आधी सगळे बसू देत

रविवार, ता. १४
दुपार

प्रिय ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा वाकत नसल्यामुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तेव्हा आहे तो गोड मानून घे. तुझा खोकला गेला का? औषध घेतेस, की बाटली नुसती उशाशी मांडून ठेवली आहेस? मला सगळं माहीत आहे तुझं.

इकडे सगळे मजेत. लेकीला सातवा संपत आलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोघंही ठणठणीत आहेत. असणारच. आत्तापासून जागेवरून मारामारी चाललीय त्यांची. एकाने लाथ मारली की दुसरं गप्प बसत नाही, आणि मध्ये आमची पोरगी "अरे हळू रे!" म्हणून पोटावर चापट मारते.

तुझं पत्र पोचलं. खोलीला रंग दिलास, खिडकीपाशी माझ्या शिवणयंत्राची जागा केलीस, आणि खाली एकच ओळ लिहिलीस, "कधी येतोस?" मीच फोनवर म्हटलं होतं तुला, बाळं यायच्या आत कायमचा तुझ्याकडे राहायला येतो म्हणून. त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी गाडीचं ऐक. ते ऐकल्याशिवाय तुला उत्तर पटायचं नाही, आणि तू रागावलीस की मला अजूनही इतक्या लांबून धडकी भरते.

आमच्याकडे गाडी आहे ती लेकीची, ड्रायव्हिंग शिकवायची. डोक्यावर पाटी, आणि पुढे दोन्हीकडे ब्रेक. शेजारच्या सीटच्या पायाशी ते जास्तीचे ब्रेक-क्लच असल्यामुळे माझा हा ताठ पाय तिथे मावत नाही. म्हणून माझ्या सीटकव्हरच्या दुकानाच्या माळ्यावरून पडलो तेव्हापासून मी मागे बसतो. बसतो कसला, आडवा असतो. पाठ दाराला, पाय सीटवर लांब, एकदम नवाबी थाट. मागची अख्खी सीट माझ्या एका पायाची.

मग जुळ्यांची बातमी आली. जावई स्वयंपाकघरात फरशीवर खालीच बसले, लेक हसत सुटली, आणि मी पायाची परवानगी नसताना मनातल्या मनात नाचून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी त्या गाडीत आडवा झालो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही सीट आता त्या दोघांची. गाडीतली सीट, घरातली खोली, लेकीचा वेळ, सगळंच. मला कोणी चकार शब्दाने काही बोललं नाही हं, उगाच त्यांच्यावर डाफरू नकोस. लेक माझी सोन्यासारखी आहे, तिच्या तोंडून "जा" असं जन्मात निघायचं नाही. म्हणूनच मी ठरवलं, आपणच वेळेवर उठावं. तुला फोन केला आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. मशीन पुसून, तेल घालून खोक्यात भरून ठेवलं. जावयांनी विचारलं तर म्हटलं, धूळ बसते.

आणि इकडे गाडीशोध सुरू झाला.

जावई मुलांच्या वॉर्डात नर्स आहेत ते तुला ठाऊक आहे. त्यांनी फर्मान काढलं की तान्ह्या बाळाची सीट गाडीत उलटी लावायची, तोंड मागे करून, आणि त्यात तडजोड नाही. आता ही उलटी सीट जागा खाते. तिच्या पुढची सीट पार पुढे ढकलावी लागते. अशा दोन सीटा आणल्या. पण रिकाम्या सीटा लावून काय कळणार? म्हणून मी दुकानात उरलेल्या रेक्झिनचे दोन बाहुले शिवले, आत वाळू भरली. जावयांनी वॉर्डातल्या काट्यावर वजन करून पास केले. एक जरा गुबगुबीत झाला, त्याला थोरला म्हणायचं ठरलं. आता दोघंही सोफ्यावर असतात आणि जावई कामावरून आले की आधी त्यांना विचारतात, "काय रे, त्रास दिलात का आईला?" अशा माणसाला पोरगी दिली आहे मी.

पहिल्या शोरूममध्ये तर तू असायला हवी होतीस. एक टायवाला आला आणि थेट जावयांना धरलं. "साहेब, मायलेज बघा, पिकअप बघा." जावई म्हणाले, "मला नका दाखवू. मला सायकलसुद्धा धड येत नाही. मालकीण तिकडे आहेत." मालकीण तेव्हा डिकीत डोकं घालून उभ्या होत्या. टायवाला तिच्याकडे वळला. "मॅडम, हा रंग लेडीजना फार आवडतो."

"रंग राहू द्या. किल्ली द्या."

पोट सांभाळत बसली, गाडी आवारात काढली आणि दोन खांबांच्या मधल्या फटीत उलटी अशी घातली की आरशाला हवासुद्धा लागली नाही. टायवाला आ वासून बघतोय. "मॅडम, शिकलात कुठे?"

"मी शिकवते. तुमच्या मॅनेजरसाहेबांना मीच शिकवलंय. अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवतात का हो?"

मॅनेजरसाहेब काचेच्या केबिनमध्ये फायलीत तोंड घालून बसले होते. माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटली. शोरूममध्ये जो येईल त्याला मी सांगत होतो, "माझी मुलगी आहे." शेवटी ती म्हणाली, "बाबा, त्या झाडू मारणाऱ्या बाईंना तीनदा सांगून झालं."

मग पिशवीतून बाहुले काढून तिने धपाधप सीटांवर टाकले, तशी टायवाल्याच्या तोंडून किंकाळीच निघाली. जावई त्या दोघांच्या मध्ये घुसले. आणि लेक मला म्हणाली, "बाबा, पुढे बसा."

"मी कशाला?"

"गाडीत वजन पाहिजे. वजनाशिवाय चाचणी कसली?"

मला खरं वाटलं. ती गाडी नापसंत झाली. दुसरी झाली. तिसरीला बाईसाहेबांनी दार उघडून मला बसवलं, उतरवलं, आणि नुसती मान हलवून चालू लागल्या. प्रत्येक ठिकाणी आमची वरात तीच. दोन सीटा, दोन बाहुले, एक नर्स आणि एक वजन.

मग ती निळी आली. ताई, काय गाडी होती! सीटांची शिलाई बघून मी विरघळलोच. दुहेरी टाका, एक दोरा सुटलेला नाही, कोपरे असे वळवलेले की शिवणाऱ्याच्या हाताचा मुका घ्यावा. लेकीला चालवायला आवडली, जावई खूश, बाहुले खूश. फक्त मागच्या उलट्या सीटमुळे माझी सीट इतकी पुढे आली की पाय कुठे घालू कळेना. शेवटी गिअरच्या बाजूला तिरका कोंबला. कळ मस्तकात गेली. पण म्हटलं, आपल्याला कुठे रोज बसायचंय? आपण तर चाललो ताईकडे. तोंडभर हसलो आणि म्हणालो, "वा! मस्त बसलोय!"

लेक आरसा नीट करत होती. बराच वेळ नीट करत होती. मग टायवाल्याला म्हणाली, "नको."

मी भडकलोच. "अगं, काय खोट आहे हिच्यात?"

"बसत नाही."

"काय बसत नाही? सीटा बसल्या, बाहुले बसले, नवरा बसला..."

"बसत नाही म्हटलं ना!"

घरापर्यंत मी मागच्या सीटवर आडवा पडून फुरंगटलेलो, आणि ती पुढे गिअरवर राग काढतेय. हट्टीपणा सगळा तुझ्यावरून घेतलाय तिने. मला माझ्याकडचं काही दिसत नाही त्यात.

परवा सुट्टी होती. ती आम्हाला जुन्या गाड्यांच्या आवारात घेऊन गेली. पार कोपऱ्यात एक व्हॅन उभी. चौकोनी खोकं, रंग उडालेला पांढरा. कुठल्याशा वाद्यवृंदाची होती म्हणे, सीटखाली ड्रमची काडी अजून पडलेली. दार सरकतं. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी दोघांची सलग सीट, गिअर वर स्टिअरिंगपाशी, आणि खाली पायाशी नुसती सपाट जागा. सीटांची मात्र दशा बघवेना. फोम बाहेर आलेला, एकीला तर कोणी चिकटपट्टी लावली होती. चिकटपट्टी! मी तोंड फिरवलं.

"बसा," लेक म्हणाली.

बसलो, दाराकडच्या बाजूला. पाय सोडला. तो गेला, गेला, पार लांब गेला आणि कुठेच अडला नाही. तिने गाडी रस्त्यावर काढली आणि ताई, माझ्या समोर रस्ता आला. किती वर्षं मी बाजूच्या काचेतून दुकानांच्या पाट्या आडव्या जाताना बघतोय. समोरून येणारा रस्ता मी विसरलोच होतो. झाडं अंगावर येतात काय, पूल येतो काय.  आणि मी बोललो ते नेमकं नको ते.

"गाडी छान आहे गं. पण माझ्या पायाकडे बघून घेऊ नकोस. मी कायमचा आत्याकडे राहायला चाललोय."

तिने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. एवढ्या रागातसुद्धा सगळं क्रमाने.

"मशीनचं खोकं पाहिलंय मी," ती म्हणाली. "रोज वाटत होतं, आज सांगाल, उद्या सांगाल."

"अगं, जागा कुठे..."

"शिकायला आलेल्याला मी पहिला धडा काय देते?"

मला पाठ आहे तो. म्हटलं, "आधी सगळे बसू देत. मग आरसा. मग किल्ली."

"मग? चार माणसं कुठल्याही डबड्यात बसतात. मला पाचवं बसवायचं होतं, म्हणून एवढ्या गाड्या परत केल्या! आणि ते पाचवं माणूस घामाघूम होऊन मला सांगतंय, मस्त बसलोय! लाज नाही वाटत खोटं बोलायला?" ओरडत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला एवढं ओरडून कोणी बोललं नव्हतं, ताई, हिची आई गेल्यापासून.

मागून दोन बाहुल्यांच्या मधून जावयांचा आवाज आला. "बाबा, वॉर्डातली पोरं बरी झाली की आपापल्या घरी जातात. ही दोघं जाणार नाहीत, आणि मला एकट्याला आवरणार नाहीत. तुम्ही चाललात तर मीही येतो तुमच्याबरोबर आत्यांकडे."

मग काय, मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, लाज कसली त्यात. लेकीने नाक पुसलं, माझंही पुसलं आणि गाडी पुन्हा चालू केली.

आवारात परतल्यावर मी म्हटलं, "सीटा पार फाटल्यात पण." तर म्हणते, "मग? घरात शिवणारा असताना शिवलेल्या कशाला विकत घेऊ? मी सगळ्यांना सांगणार आहे, आतलं काम माझ्या बाबांचं आहे म्हणून." झाडू मारणाऱ्या बाईंना सांगणार का, ते विचारायचं राहिलं.

तर ताई, उत्तर हे असं. मी राहायला येत नाही. मशीन खोक्यातून काढलंय आणि हे लिहितोय ते त्याच्यावरच कागद ठेवून. तू एवढ्या हौसेने रंग दिलास, एकटीने पलंग सरकवला असशील, ते सगळं डोळ्यांसमोर येतं. रागाव, हवं तेवढं रागाव. पण मला इथे जागा आहे गं. नुसती करून दिलेली नाही, माझ्या मापाची शोधून काढलेली जागा आहे. हे तुला सांगताना मला किती भरून येतंय ते लिहून कळायचं नाही.

आणि एक. पुढची सलग सीट दोघांची आहे. माझ्या आणि लेकीच्या मध्ये एक जागा राहते. मी म्हटलं, तिथे पिशव्या ठेवू. लेक म्हणाली, "पिशव्या मागे. ती आत्याची." तिची आई गेली तेव्हा शाळेत जाण्याआधी तिच्या वेण्या कोणी घातल्या, ते ती विसरलेली नाही. तिच्या बाळंतपणासाठी तुला न्यायला ती स्वतः येणार होती. डॉक्टरीणबाईंनी आता लांबच्या प्रवासाला मोडता घातलाय, म्हणून तिने शिकवून तयार केलेली एक बाई व्हॅन चालवेल आणि शेजारी मी असेन. पुढे राहायचं की परत जायचं, ते इथे आल्यावर तू ठरव. तुझ्या खोलीचा रंग कुठे पळून जात नाही.

व्हॅन कालच दारात आलीय, मधल्या सीटचं कव्हर आज कापायला घेतोय. तुझी कंबर डावीकडून धरते की उजवीकडून, ते उलट टपाली कळव. त्या बाजूला फोम जाड घालतो.

तुझी वाट बघणारा, पुढच्या सीटवरचा,
धाकटा