उंडीतला खिळा

बाबा, तुमच्या डब्यातला एक खिळा काल माझ्या हातात आला. तुम्ही गेलात तेव्हा मी फ्रॉकात होते, माझा धंदा तुम्हाला कुठून ठाऊक असणार? इथे काशीदला, सासरी, आम्ही चार-पाच बायका मिळून करवंटीची आणि लाकडाची कानातली करतो. मुंबईची एक कंपनी ती विकते आणि प्रत्येक जोडीमागे एक झाड लावते. तसं पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. ती चिठ्ठी दोऱ्याने मीच बांधते, आणि बांधताना तुमची आठवण येऊन बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

काल वखारीतून आलेल्या टाकाऊ लाकडाच्या चकत्यांना भोकं पाडत होते. एका चकतीत ड्रिल अडलं आणि टोक तुटलं. चकती फोडून बघते तर आत होडीचा चौकोनी खिळा, भोवतीचं लाकूड काळं पडलेलं. असले खिळे आता कोण वापरतं? मी तो ओळखला, आणि लहानपणीचा तो दिवस समोर उभा राहिला.

माहेरी घरामागे, खाडीच्या काठी, उंडी आहे. तिच्या सावलीत तुम्ही वाकसाने होडीची फळी तासताय. मी तुमच्या डब्यातला खिळा घेऊन दप्तर अडकवायला उंडीत ठोकते. तुम्ही वाकस खाली ठेवता. "काय गो, ती काय होडी हाय?" मी घाबरून खिळा उपटायला जाते, तर तुम्ही हात धरता. "ऱ्हाऊ दे आता. काढलास तर आनखी दुखल तिला. गिळील ती." झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याशी नारळ ठेवून, "उद्या येतोय, बिऱ्हाड हलवा," असं पाखरांना सांगितल्याशिवाय तुम्ही कधी कुऱ्हाड उचलली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्याच खिळ्याला दप्तर अडकवलं, आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत.

तशीच रिक्षा करून माहेरी गेले. उंडी नाही, बाबा. जमिनीलगत कापलेला बुंधा, आणि सगळ्या जागेत ओळीने खड्डे, खड्ड्यांत गुलमोहराची रोपं. माझ्याच कानातल्यांची झाडं ती. ठेकेदाराचा माणूस पाणी घालत होता. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, माझ्यावर कशाला गरम होता? तुम्हीच फोनवर बोललात ना, जागा साफ करून घ्या."

बोलले होते. कंपनीला लागवडीसाठी जागा हवी होती, मी हौसेने आपली दिली, तुमच्या नावाने झाडं होतील म्हणून. आपल्याकडे जागा साफ करणं म्हणजे घाणेरी उपटायची, करवंदीच्या जाळ्या काढायच्या. उंडीला हात लावू नका, हे मुद्दाम सांगावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्यात कुणी कुणाला ते सांगितलंय? नाक्यावरून नारळ आणून बुंध्याशी ठेवला. पण बिऱ्हाड हलवा म्हणून सांगायला तिथे एक पाखरू उरलं नव्हतं.

आज माल जायचा होता. त्यावर बाकीच्या बायकांची घरं चालतात, म्हणून त्यांना काही बोलले नाही. सगळ्या चकत्या घासल्या, तेल लावलं, चिठ्ठ्या बांधल्या. खिळा तेवढा ठेवून घेतलाय. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे खरं लिहिते. उंडीची कानातली फार सुंदर झाली, बाबा. एक जोडी मी घालूनही बघितली.