बजरंगचा ठेका सरळ करू नये

मी, कानिफनाथ आसाराम औताडे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा मंडप व लाऊडस्पीकर, राहणार कोपरगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवतो. वकील म्हणाले, "दादा, 'रागात' तेवढं काढा. उद्या कोणी म्हणेल डोकं ठिकाणावर नव्हतं." मी काढणार नाही. डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच राग येतो. कोणाच्या दबावाला, भूलथापांना किंवा नशेला बळी पडून मी हे लिहीत नाही. दबाव भरपूर आहे. मी बळी पडलेलो नाही, एवढंच.

डॉक्टरांनी माझ्या हृदयाचं काय ते दिपालीला, म्हणजे माझ्या मुलीला, बाहेर नेऊन सांगितलं. सारा जन्म साउंडच्या धंद्यात गेला, भिंतीपलीकडचं मला ऐकू येतं. "दिवाळीनंतरचं काही सांगता येत नाही," असं ते म्हणाले. 'निखारा'चा नवा अल्बमही दिवाळीनंतरच येणार आहे. म्हणून ही घाई.

ज्यांना निखारा माहीत नाही (असे लोक असतात, माझ्या व्याह्यांना माहीत नव्हतं) त्यांच्यासाठी लिहितो. निखारा हा आमच्या कोपरगावचा रॉक बँड. ज्ञानेश्वर गातो, कल्याण गिटार वाजवतो आणि ड्रमवर होता माझा धाकटा सख्खा भाऊ बजरंग. माझ्या गोडाऊनमध्ये, मंडपाच्या बांबूंच्या मधोमध, माझ्याच स्पीकरवर ही पोरं शिकली. पुढे पुण्याला गेली, नाव झालं. आता सगळे साठीच्या पुढचे आहेत. बजरंगला जाऊन आठ वर्षं झाली.

आता मालमत्तेचं.

कलम १. राहतं घर आणि मागची मोकळी जागा माझी पत्नी मालनबाई हिला. तिला रॉक आवडत नाही. "काय ती आदळआपट," असं ती पहिल्यापासून म्हणते. आवडतं असं खोटं मात्र तिने कधी सांगितलं नाही. या घरात खोटं न बोलणारी ती एकटीच, तेव्हा घर तिचं.

कलम २. बँकेतली शिल्लक मालनबाई आणि दिपाली यांना निम्मी निम्मी. व्याह्यांनी यात नाक खुपसू नये.

कलम ३. मंडपाचं सामान, अँप्लिफायर, माईक आणि चालू धंदा दिपालीला. बाईमाणसाने मंडपाचा धंदा कसा करावा म्हणून जे हसतील त्यांना तिने दुप्पट भाडं सांगावं. एक अट आहे. आपला एकही स्पीकर डीजेच्या भिंतीत लावायला द्यायचा नाही. घरांच्या काचा फुटतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात आणि याला हे लोक वाजवणं म्हणतात. मसणात जावो ते वाजवणं.

कलम ४. अंगणातल्या लिंबाच्या झाडावर बांधलेला जुना भोंगा कोणालाही द्यायचा नाही. तो तिथेच राहील. त्याचं कारण मला सांगायला हवं.

निखाराचा नवा अल्बम कोणी एकट्याने ऐकायचा नाही, असा आम्हा चाहत्यांचा रिवाज आहे. कॅसेट आली की सगळे माझ्या अंगणात जमायचे. राजूरहून डोंगर उतरून पूजा भांगरे यायची, तेव्हा ती कॉलेजात होती, आता शाळेत बाई आहे. शनिशिंगणापूरहून राम दरंदले यायचा, त्याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. मालन चहा ठेवायची. मी याच भोंग्यावर कॅसेट लावायचो. दोन्ही बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि संपल्यावर प्रत्येकाने एक तरी खरी गोष्ट बोलायची. 'धग' आला त्या दिवशी राम नुसता रडला. त्याची खरी गोष्ट तीच धरली.

मग सोळा वर्षांपूर्वी 'झगमग' आला. ज्ञानेश्वरने बजरंगला बाजूला बसवून मशीनचे ड्रम लावले होते. अंगणात कोणी मान वर करेना. शेवटी मालनच बाहेर आली आणि म्हणाली, "भोंगा बिघाडलाय का हो?" खरी गोष्ट तिने सांगितली. बजरंग उठून गोडाऊनमध्ये गेला आणि आम्ही कोणी त्याच्या मागे गेलो नाही.

त्यानंतर आजतागायत निखाराचा अल्बम नाही. तीनदा जाहीर केला, तीनदा पुढे ढकलला. जिल्ह्याचं नाव बदलून झालं, अल्बम काही आला नाही. आणि तरी आम्ही गाढवं वाट बघतोय.

कलम ५. एक कॅसेट. ही माझी सगळ्यात मोठी मालमत्ता आहे आणि सगळा तंटा हिच्यावरून आहे.

झगमग लोकांनी नाकारल्यावर काही वर्षांनी ज्ञानेश्वर मान खाली घालून आला. बजरंगला म्हणाला, "पुढचा अल्बम तुझ्या हातानंच." माझा भाऊ भोळा. लगेच गोडाऊन झाडून घेतलं. त्याच्या शेवटच्या दिवाळीत तो नव्या अल्बमाचा ठेका एकटाच वाजवत बसला होता आणि मी तो माझ्या जुन्या डेकवर कॅसेटवर घेतला. पुढच्या महिन्यात तो गेला.

बजरंग वाजवायला शिकला तो गावच्या यात्रेत, हलगीवाल्यांच्या मागे चालून. त्याचा ठेका ध्रुवपदाच्या आधी किंचित मागे राहायचा. रस्ता ओलांडताना आई पोराला दंडाला धरून थांबवते, तसा तो गाण्याला थांबवायचा आणि मग सोडायचा. निखाराची गाणी अंगावर काटा आणायची ती त्या थांबण्यामुळे. ज्ञानेश्वरच्या गळ्यामुळे नाही. हे त्याला आयुष्यभर खुपत आलेलं आहे.

बजरंगचा दशक्रिया विधी गोदावरीच्या घाटावर झाला. पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. ओमचं शिक्षण करतो म्हणून मी सांगितलं. ओम बजरंगचा मुलगा. बजरंगची बायको लंका हिला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. बहिणींनी सांगितलं, मेहुण्यांनी सांगितलं. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करून टाकू म्हणाले. तेव्हा ज्ञानेश्वर पुढे झाला. हात जोडून, सगळ्या गावासमोर म्हणाला, "बजरंगा, पुढच्या अल्बमात ठेका तुझाच राहील. जसाच्या तसा." त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा आला आणि त्याने पिंडाला चोच मारली.

मी घाटावर बसून रडलो. मला वाटलं, भाऊ सुटला.

यंदा उन्हाळ्यात ज्ञानेश्वर पांढऱ्या गाडीतून घरी आला. सोबत पुण्याचा एक पोरगा, कानात काहीतरी घातलेला, आमच्याशी बोलतानाही न काढलेला. मालनने हुलग्याचे शेंगोळे केले, भाकरी केली. ज्ञानेश्वर दोन घास खाऊन म्हणाला, "दादा, बजरंगाचा ठेका लई गोड हाय, पर जरा मागं पडतो. ही पोरं कॉम्प्युटरवर सरळ करून देत्यात. मंग त्याच्यावरच सगळी गानी बसवतो. तुमी कॅसेट द्या."

मी म्हणालो, "जसाच्या तसा म्हणाला होतास ना घाटावर?"

तो हसला. "दादा, ते कावळ्यासाठी हुतं."

मी त्याच्या पुढचं ताट उचललं. अर्धी भाकरी होती त्यात. अन्नावरून माणसाला उठवू नये हे मला माझ्या आईने शिकवलं आहे, तरी उठवलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मालन अजून मला त्यावरून बोलते. तिने बोलावं, तिचा हक्क आहे. पण माझ्या मेलेल्या भावाला फसवलं, कावळ्याला फसवलं, आणि वर शेंगोळे हाणतो? लाज कशी वाटत नाही?

तेव्हापासून आम्हा चाहत्यांच्या मोबाईलवरच्या 'जुने निखारे' या ग्रुपवर रोज माझं कीर्तन चालू आहे. रामचं म्हणणं, "देऊ नका दादा, पुन्यांदा झगमग हुईल." पूजाबाई लिहितात, "दादा, ज्ञानेश्वर सरांचा गळा राहिला नाही आता. बजरंग भाऊंचा ठेका नसेल तर उरलं काय? सरळ केला तरी चालेल, पण द्या." कोणी म्हणतं नवी गाणी मोबाईलवर नाचण्यापुरतीच केली आहेत, कोणी म्हणतं कल्याणने गिटार सोडली, कोणी म्हणतं आता जो येईल तो शेवटचाच, गोड मानून घ्या. आणि मोटारसायकलच्या फोटोमागे लपलेल्या एका शहाण्याने लिहिलं, "हा म्हातारा मेल्याशिवाय अल्बम येत नाही." त्याला या कलमाद्वारे कळवतो की बाबा, मरतोय. जरा दम धर.

सगळ्यात जड गेलं ते ओमचं. तो मोठा झाला, कमावता आहे, माझ्याशी भांडत नाही. एवढंच म्हणाला, "काका, सरळ तर सरळ. पप्पांचा हात पुन्हा ऐकायला मिळंल की." पण ओम बाळा, ऐक. सरळ केलेला हात तुझ्या बापाचा नाही. कोणाचाच नाही.

तर कॅसेटची व्यवस्था अशी. मालकी ओमची. पण ती कोपरगावात राहणार नाही, पुण्यात तर नाहीच नाही. ती शनिशिंगणापूरला राम दरंदलेच्या जुन्या घरात राहील, त्या घराला आजही चौकट आहे आणि दार नाही. शेजारी माझा डेक राहील. निखाराच्या कोणाही चाहत्याने केव्हाही यावं, कोणाला न विचारता आत जावं, ऐकावं, वाटलं तर मोबाईलवर उतरवून न्यावं आणि गावभर वाटावं. मूळ कॅसेट मात्र तिथून हलवू नये. मी ती कुलपात ठेवली तर माझ्या माघारी कोणीतरी कुलूप उघडेल, म्हणून मी तिला कुलूपच ठेवत नाही. एकदा बजरंगचा खरा ठेका घरोघरी गेला की ज्ञानेश्वरने सरळ करून काय विकलं ते शेंबड्या पोरालाही कळेल. त्यालाही तिथे यायला मज्जाव नाही. चपला बाहेर काढाव्यात, खाली बसावं, आणि जिथे बजरंग थांबतो तिथे थांबून गाऊन दाखवावं. जमलं तर खुशाल रेकॉर्ड करावं. एक गाणं झालं तरी मला पुरे.

कलम ६. ज्ञानेश्वर यास माझ्या मालमत्तेपैकी एक स्टीलचं ताट द्यावं, त्याच्यापुढून उचललेलं. मालनने ते बाजूला ठेवलेलं आहे. त्याने शब्द पाळला असेल तर त्यात शेंगोळे वाढून द्यावेत, पोटभर. पाळला नसेल तर नुसतं ताट द्यावं, घासूनपुसून.

कलम ७. माझ्या दशक्रियेबद्दल. हे सगळ्यांनी नीट वाचावं, दिपालीने दोनदा वाचावं.

माझा पिंड मांडल्यावर माझ्या नावाने कोणीही कसलाही शब्द द्यायचा नाही. घाटावरचे शब्द मी ऐकलेले आहेत. 'धंदा सांभाळू', 'आईला बघू' काही नको, ते न बोलता करावं. तोपर्यंत अल्बम आलेला असेल तर अंगणातला भोंगा काढून घाटावर न्यावा आणि तो पहिल्या गाण्यापासून लावावा. गुरुजींना आवडलं नाही तर त्यांना दक्षिणा जास्त द्यावी. संपेपर्यंत कोणी बोलू नये. रिवाज तोच. पूजाबाई आणि राम यांनी यावं आणि संपल्यावर खरं तेच बोलावं. मी ऐकत असेन.

अल्बम तोपर्यंत आलेला नसेल तर कॅसेटवरून उतरवलेला नुसता ठेका लावावा.

आणि तरीही कावळा शिवला नाही, तर घाबरून जाऊ नये. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावून मोकळं होऊ नये; मशीनचा ठेका आणि दर्भाचा कावळा, दोन्ही आपलीच आपण काढलेली समजूत. रडू नये, भूत झाला म्हणून आवई उठवू नये. भोंगा पुन्हा लिंबावर नेऊन बांधावा आणि घरी जाऊन जेवावं.

काही अडलेलं नाही. मी पुढच्या अल्बमाची वाट बघतोय, एवढंच समजावं.

हे मृत्युपत्र मी स्वतः सांगून लिहून घेतलं, वाचून पाहिलं, आणि 'रागात' हा शब्द जागेवर आहे याची खात्री करून सही केली. याची अंमलबजावणी माझी मुलगी दिपाली हिने करावी. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. अल्बम माझ्या हयातीत आला आणि त्यात ठेका जसाच्या तसा निघाला, तर कलम ६ मधलं ताट मी स्वतः वाढून देईन.

मृत्युपत्र करणार:
(सही) कानिफनाथ आसाराम औताडे

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. (सही) पूजा भांगरे, राहणार राजूर, तालुका अकोले. सहीआधी त्यांनी ग्रुपवरचं "सरळ केला तरी चालेल" हे स्वतःचं वाक्य पुसून टाकलं.

२. (सही) भीमा वाबळे, शेजारी, राहणार कोपरगाव. यांना निखारा आवडत नाही. भोंगा उतरवणार का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही.

स्थळ: कोपरगाव, जिल्हा अहिल्यानगर
दिनांक: २९ सप्टेंबर २०२५