विकतच्या शेवया

माय, तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तू जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा ती अडचणही उरली नाही. मी काय काम करते असं तू विचारायचीस आणि 'प्रयोगशाळेत' एवढंच सांगून मी मोकळी व्हायचे. आज नीट सांगते. एक प्लास्टिक असतं, त्यातून वीज जाते. पाण्यात कालवलं की ते शाईसारखं निळंकाळं दिसतं. ते सुईच्या बारीक तोंडातून आम्लाच्या भांड्यात सोडायचं. तिथे ते गोठतं आणि त्याचा धागा होतो. हा धागा कापडात विणला की अंगातल्या सदऱ्याला माणसाच्या काळजाचे ठोके कळतात. तू म्हणाली असतीस, 'काळजातलं माणसाले कळत नाही, सदऱ्याले काय कळंन?' पण हैदराबादेत आमचा हा धागा वर्षभर तुटतच होता. माझ्या नाकी नऊ आले. हे काम बंद करा, असं वरिष्ठ सांगून चुकले होते.

आणि एक दिवस तुटलेलं टोक चिमट्यात धरून बसले असताना मला आपलं आदिलाबादजवळचं, जैनथकडचं घर आठवलं. तू परातीत रव्याचा गोळा तिंबतेस, त्यावर ओलं फडकं टाकतेस आणि पाण्याला निघून जातेस. मला कुठला धीर! मी फडकं काढून ओढायला घेते, शेवई तटकन तुटते. तू दारातूनच ओरडतेस, "काऊन घाई करून राह्यली वं? मुरू दे त्याले. अन् ओलं हाय तवरच ओढ, पन दमानं. वाळल्यावर ते कोनाच्या बापाचं आयकत नाही." त्या दिवशी मी द्रावण रात्रभर तसंच ठेवलं. त्यातले बुडबुडे निघून गेले. सकाळी धागा भांड्यातून काढला आणि ओला असतानाच हळूहळू ओढत नेला. तुटला तर नाहीच, उलट ताणल्यामुळे त्यातून वीजही जास्त जाऊ लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तुझ्याइतकी बारीक शेवई गावात कुणाची नव्हती. उन्हाळ्यात बाया शेवया ओढायला एकमेकींच्या घरी जायच्या. तुला कापूस वेचायला बोलवायच्या, शेवयांना नाही. आपल्या हातचं त्यांना चालत नव्हतं. सहावीत मी डब्यात तुझ्या शेवयांची खीर नेली होती. "शेवया घरच्या का?" असं एकीनं विचारलं आणि मी पटकन म्हणाले, आदिलाबादहून विकत आणल्यात. सगळ्या पोरींनी बोटं चाटत खाल्ल्या. मोठा पराक्रम केल्यासारखं मी ते तुला येऊन सांगितलं. तुझा हात परातीत थांबला. "खाल्ल्या ना पोरीयनं? बरं केलं," एवढंच म्हणालीस. त्यापेक्षा पाठीत धपाटा घातला असतास तर मी विसरून तरी गेले असते.

गेल्या महिन्यात आदिलाबादच्या एका कॉलेजात मला या धाग्याबद्दल बोलायला बोलावलं होतं. हार, शाल, पुढच्या रांगेत मोठी माणसं. बोलून झालं तशी भीमपूरकडची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ओलं असतानीच ओढाचं, हे तुमाले कोनं शिकवलं?" तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं, माय. मी म्हणाले, एका पुस्तकात वाचलं होतं. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "पुस्तकाचं नाव सांगता का?" मला इतकी लाज वाटली की मी घड्याळाकडे पाहिलं आणि नंतर सांगते म्हणाले. निघताना तिनं धावत येऊन आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. माय, त्या दिवशीही मी शेवया विकतच्याच सांगितल्या, आणि अजून तिला फोन केलेला नाही.