हाड धरेपर्यंत

९ जानेवारी

वरचे पुढचे दोन दात गेले. एक मुळासकट निघाला, दुसरा अर्धा हिरडीतच राहिला.

ह्यांना आंघोळ घालत होते. डोक्यावर पाणी ओतलं आणि ह्यांनी मागे कोपर मारलं. "कोण ही बाई? ढकलतेय मला!" रक्त बघून घाबरले तेही हेच. एका कोपऱ्यात थरथरत उभे. तोंडाला रुमाल दाबून आधी त्यांना पुसलं, कपडे घातले, मग आरशात पाहिलं.

अख्ख्या संसारात या माणसाने कधी आवाज चढवला नाही. बस चालवायचे तेव्हा हॉर्नसुद्धा जपून वाजवायचे.

लेकीला फोन केला. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगितलं.

१० जानेवारी

"आई, खरंच घसरलीस ना?" हो म्हटलं. ती मागेच बजावून बसली आहे — बाबांनी एकदा जरी हात उचलला तर त्यांना स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात ठेवायचं, मग मी तुझं काही ऐकणार नाही.

ते केंद्र मी पाहिलंय. ओळीने खाटा. सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे. बाहेर जायच्या दाराला वरून कडी.

१४ जानेवारी

दातांची डॉक्टर लेकीच्याच वयाची. राहिलेलं मूळ काढलं, टाके घातले. पुढे काय, तेही समजावलं. काढघालीची कवळी. नाहीतर ब्रिज, पण त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. नाहीतर इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत थांबायचं, मग वर दात चढवायचा. "वेळ लागतो काकू, पण आपल्या दातासारखं होतं."

मग म्हणाली, "घसरलात तेव्हा हात नाही टेकला?"

माझे तळवे बघत होती. खरचटल्याची एक रेघ नाही.

२२ जानेवारी

लाँड्रीत पुन्हा जायला लागले. काउंटरवर बसून 'पावती' म्हणते तर नुसती हवा निघते. 'सफारी' तर विचारूच नये. गिऱ्हाईक "काय? काय?" करतं. इस्त्रीवाले मामा म्हणाले, "तुम्ही नुसतं बोट दाखवा, ओरडायचं काम माझं."

हसले, तोंडावर हात धरून. आता ती सवयच लागली आहे.

शेजारीण दुपारपर्यंत ह्यांच्याजवळ बसते. तिलाही घसरले असंच सांगितलंय.

३ फेब्रुवारी

जबड्याचा स्कॅन झाला. एका जागी हाड पातळ आहे. रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाली, आत्ता हात लावणार नाही. साखर अशी असली तर जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. आधी साखर खाली आणा.

स्वतःच्या गोळ्या कधीपासून चुकवते आहे कोण जाणे. ह्यांची एकही चुकत नाही.

२६ मार्च

साखर उतरली. आज स्क्रू बसवले.

इंजेक्शननंतर दुखलं नाही. पण ऐकू येतं! कानाने नाही, कवटीच्या आतून. कोणीतरी आपल्याच घराच्या भिंतीला भोक पाडतंय आणि आपण आत बसलोय, तसं. पातळ जागी हाडाची पूड भरली. निघताना तिने बजावलं, "गार आणि मऊच खा, चूळ जोरात भरू नका. आणि चार-पाच महिने तिथे दाब नको. धक्का तर अजिबात नको. हाडाने धरलं नाही तर स्क्रू काढावा लागतो."

धक्का नको. मान हलवून आले.

२९ मार्च

गाल भोपळ्यासारखा. ह्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी मारलं?"

१८ एप्रिल

सूज उतरली. तात्पुरते दात घालून काउंटरवर बसते. घरी आंघोळ घालताना मात्र ह्यांच्या मागे उभी राहत नाही. बाजूने, हात लांब करून, माझं तोंड भिंतीकडे. डोक्यावर पाणी नाहीच, ओला पंचा फिरवते.

आपल्याच माणसाला असं भिऊन हात लावायचा.

११ मे

सदरा घालताना हात बाहीत अडकला. मी सोडवायला वाकले. मूठ बसली.

१२ मे

डावा स्क्रू हलतोय. काढला. उजवा ठीक आहे म्हणाली. डाव्या जागी आधी हाड भरून यायला हवं, मग पुन्हा पहिल्यापासून.

मग तिने मास्क काढला, स्टूल जवळ ओढलं. "काकू, घरी कोण मारतं?"

"कोणी नाही."

तिने माझी फाईल मिटून बाजूला ठेवली. शेवटी मीच म्हणाले, "मारत नाहीत हो. मी कोण आहे ते त्यांना कळत नाही."

पहिल्यांदाच बोलले हे कोणापाशी.

ती म्हणाली, "त्यांना कळत नाही, हे हाडाला कसं कळणार, काकू?"

रस्ताभर तेच डोक्यात.

१५ मे

लेकीचा फोन. आवाज का असा येतोय? दाताचं काम चालू आहे म्हटलं. हे काही खोटं नाही.

६ जून

शेजारीण आता बसणार नाही. काल ह्यांनी तिचा हात पिरगाळला. लेकीला सांगू नका म्हणून तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

२० ऑगस्ट

उजवा दात बसला. हुबेहूब. शेजारी खिंडार तसंच. डॉक्टर म्हणाली, डाव्याचं केव्हा करायचं ते तुम्ही सांगा.

२३ ऑगस्ट

सकाळी चहा दिला तर हे कप न उचलता माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मला नावाने हाक मारली. किती दिवसांनी.

"मी केलं ना हे?"

नाही म्हटलं. घसरले होते.

"पोरीला फोन लाव," म्हणाले. "मला घेऊन जा म्हणून सांगतो तिला. आठवतंय तोवर."

लावून दिला.