नागपूरसाठी सायलेन्सर

५ सप्टेंबर १९७६
वाटूर फाट्याच्या अलीकडे सायलेन्सरने जीव सोडला. गंजून मधोमध भोक. घनसावंगीपर्यंत फटफटी बोंबलत आली. एरवी ओढ्यापाशी गाडीचा आवाज ऐकला की आई माझी भाकरी तव्यावर टाकते. आज टाकलीच नव्हती. "म्हनलं, कुनाचा टॅक्टर आला."

दसऱ्याला तिला नागपूरला न्यायचंय, दीक्षाभूमीवर. छप्पन साली दीक्षेला माझे बाबा तिथे गेले, ती घरी राहिली. का, ते सांगत नाही. आता बाबाही नाहीत. एसटीत अंबड यायच्या आत तिला उलट्या होतात, तेव्हा फटफटीच. यंदा न्यायचं म्हणजे न्यायचं.

१२ सप्टें.
जालना. खलील मिस्त्रीने दोन सायलेन्सर पुढ्यात ठेवले. एक लांब, जाड पोटाचा, आत आवाज दाबणाऱ्या जाळ्या. दुसरा आखूड, मोकळा. "लंबी सफर है तो ये लंबावाला लो, मास्तर."

आखूड लावून किक मारली. छातीत धडधडलं. आपल्या वस्तीतली पहिली फटफटी, गावाला कळायला नको? आखूडच घेतला.

१९ सप्टें.
आईला बसवून अंतरवाली सराटीला, मावशीकडे. चौकातले लोक चहा सोडून बघायला लागले. मी खूश. उतरल्यावर बघतो तर आईच्या एका पायात चप्पल नाही.

"कवाची वरडून राह्यले, थांब थांब. पाठीत बुक्क्या बी घातल्या."

फटफटीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही; वाटलं, खड्ड्यांना घाबरून पाठ धरतेय. मावशी हसून हसून खाली बसली. आई नाही हसली. "म्या काय मागं बांधलेलं पोतं हाय? ऱ्हाऊ दे तुझं नागपूर."

परतताना चप्पल शोधत आलो. नाही सापडली. स्वतःचाच राग येतोय.

२१ सप्टें.
दोन दिवस अबोला. आज भाकरी वाढताना म्हणाली, "दोन दिस तुझ्यामागं बसायचं आन् एक शब्द बोलायचा न्हाई. वीस सालाचं साचलंय माझ्यात."

हे मला आधी सुचू नये? शाळेत पोरांना शहाणपण शिकवतो.

२६ सप्टें.
पुन्हा जालना. मिस्त्री: "माँ को बिठाना था तो पहलेच बोलना था ना." लांब सायलेन्सर बसवला. चढाला गाडी जरा मंद वाटते. वाटू दे.

घरी आलो, तवा थंडच. "कवा आलास? ऐकूच न्हाई आलं." चूल पेटवताना हसली. आठवड्यानंतर हसली.

३० सप्टें.
पुन्हा अंतरवालीच्या रस्त्याने. नवी चप्पल दोरीने पायाला बांधून बसली. भरवसा नाही अजून माझा!

अर्ध्या वाटेत मागून, घरात बोलते तशा आवाजात: "त्या साली तुला गोवर निघाल्ता. पाच वर्साचा व्हतास. तुझे बाबा म्हनले, दोघातलं एकच जाईल."

म्हणजे माझ्यामुळे. वीस वर्षं बोलली नाही. गाडी हळू केली. थोड्या वेळाने विचारलं, बाबा परत आल्यावर तुला काय म्हणाले?

"ते सांगंन नागपूरच्या वाटंत. समोर बघ."

परवा पहाटे निघायचं. मेहकरला मुक्काम. एवढी लांब गाडी कधी नेली नाही. क्लचची तार उद्या बदलून घेईन. दोरी तिने उशाशी ठेवलीय.